उद्यावाल्यांचा सण

गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं एक घर होतं. त्याला कुणी कधी नंबराने ओळखलं नाही. पाकिटावर नुसतं 'उद्यावाले' लिहिलं असतं तरी पोस्टमनने ते बरोबर त्याच दारात टाकलं असतं. नाव पडायचं कारण एकच. सगळी दुनिया ज्या दिवशी सण करायची, त्याच्या दुसऱ्या दिवशी या घरात सण असायचा. वर्ष दोन वर्षं नव्हे, चांगली एकतीस वर्षं.

घरधनी पाणी सोडायच्या कामावर होता. छातीला लागेल एवढी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे निघायचा, म्हणून त्याला सगळे चावीवाला म्हणत. रस्त्यातलं झाकण उचलायचं, खाली हात घालून चिखल काढायचा, चावीचं तोंड व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचं आणि वरचा आडवा दांडा धरून घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. मोठ्या व्हॉल्व्हला बावीस फेरे. एकदम उघडला तर पाणी धडक मारतं आणि जुना पाइप फाटतो. म्हणून पाच फेरे झाले की तो थांबायचा आणि दांड्याला कान लावायचा. पाणी कुठवर गेलं, कुठं हवा अडकली, ते त्याला त्या लोखंडातून ऐकू यायचं.

सणाच्या दिवशी सगळ्या शहराला एकाच वेळी आंघोळ सुचते. खालच्या वस्तीत हौद वाहून जातात आणि चढावरच्या घरांत नळ नुसते फुसफुसतात. मग खालचा व्हॉल्व्ह चार फेरे आवळ, वरचा दोन फेरे सोड, तोवर तिसरीकडून शिव्या. चावीवाल्याला त्या दिवशी सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र गाव उशिरापर्यंत लोळत पडायचं, टाकी भरलेली असायची, आणि साहेब म्हणायचे, जा बाबा, आज घरी बस.

या घरात सण दुसऱ्या दिवशी आणला तो त्याच्या बायकोने. गल्ली तिला काकू म्हणायची. काकू बुटकी, आवाजाने उंच. तिने नियमच घातला होता. लोकांच्या सणादिवशी आपल्या घरात रोजचं जेवण, रोजचे कपडे. कुणाच्या घरी जाऊन गोड तोंडात घालायचं नाही. कुणी वाटी आणून दिली तर झाकून ठेवायची, उद्या उघडायची. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटली की मग मागे वळून बघायचं नाही. तळण, गोड, नवे कपडे, दारात सडा, सगळं साग्रसंगीत.

"लोकांचा सण म्हणजे नुसती पळापळ," ती पोरांना सांगायची. "पाणी गेलं, दूध संपलं, दुकानात ढकलाढकली. आपला सण बघा कसा निवांत. दुकानदारसुद्धा बसा म्हणतो."

पोरं दोन. थोरला आणि धाकटी. थोरला सात वर्षांचा असताना एकदा शेजारी जाऊन गोड खाऊन आला. काकूने त्याच्या हनुवटीला चिकटलेली साखर बघितली. मारलं नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची ताटं वाढली आणि त्याला म्हणाली, "तुझा सण काल झाला." बाप मध्ये पडला तेव्हा कुठे त्याला ताट मिळालं. त्यानंतर त्या पोराने पहिल्या दिवशी गोडाच्या अंगाला बोट लावलं नाही. शाळेत पोरं चिडवायची, "शिळा सण, शिळा सण." तर धाकटी कमरेवर हात ठेवून सांगायची, "तुमचा संपला. आमचा यायचाय अजून." त्या पोरांना खरोखरच त्याचा अभिमान होता.

पोरं मोठी झाली. थोरला शहराच्या बसवर ड्रायव्हर लागला, लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि तो डेपोजवळ राहायला गेला. धाकटी दवाखान्यात नर्स झाली आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहू लागली. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला सगळे या दोन खोल्यांत हजर. त्यात कधी खाडा नाही.

मग चावीवाला रिटायर झाला. हार झाला, भाषण झालं. चावी ऑफिसात जमा करून तो रिकाम्या खांद्याने घरी आला. संध्याकाळची वेळ होती. काकू दारात तांदूळ निवडत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "यंदा सण त्याच दिवशी करू."

"कुठल्या?"

"ज्या दिवशी असतो त्या दिवशी."

चावीवाल्याने बूट काढले. "तुला कधीपासून त्याची हौस?"

"एकतीस वर्षांपासून," काकू म्हणाली. "सगळ्यांच्या दारात गडबड असते तेव्हा आपल्याही दारात असावी. चौघं एकत्र बसावीत. एकदा. मग काय करायचं ते करा." थोडा वेळ खडे वेचत राहिली, आणि म्हणाली, "पोरांना तुम्हीच सांगा. मला नाही सांगता यायचं. इतकी वर्षं मीच उलटं सांगत आले."

"सांगतो की," चावीवाला म्हणाला.

सांगायचं ते राहिलं. विसरला असंही नाही. त्याला वाटलं, त्यात सांगायचं काय? बाप घरी बसला हे पोरांना ठाऊक आहे, हाराचे फोटो त्यांनीच काढले. ज्या कारणाने सण पुढे ढकलला जायचा ते कारणच उरलं नाही, मग सण आपोआप जागेवर येणार. बावीस फेरे उलटे फिरवले की व्हॉल्व्ह बंद, इतकं त्याला ते सरळ वाटलं. आणि काकूने पुन्हा विचारलं नाही. विचारायची तिला लाज वाटली. आपल्याला किती हवंय ते दिसलं असतं.

सणाच्या दिवशी काकू चारलाच उठली. चावीवाला तिच्याही आधी उठून गल्लीत उभा होता. त्याच्या जागी आलेल्या माणसाने व्हॉल्व्ह एका दमात उघडला तसा जमिनीखालून धाडकन आवाज आला, आणि चावीवाल्याच्या तोंडून आपोआप शिवी गेली.

"आत या," काकूने हाक मारली. "तुमचं पाणी आता फक्त आपल्या नळाचं."

आठ वाजेपर्यंत तळणाचा वास गल्लीभर झाला. समोरची बाई नवे कपडे घालून दारात आली, तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "काकू, आज? तारीख चुकली की काय?"

"तारीख तुमची चुकत होती इतकी वर्षं," काकू म्हणाली. ती हसली तेव्हा समोरच्या बाईच्या लक्षात आलं की या दिवशी काकूचं दार सताड उघडं आपण कधी बघितलंच नव्हतं.

दहा वाजता सहा ताटं मांडून झाली. दोघं म्हातारी, थोरला, सून, नात, धाकटी. साडेदहा झाले. काकूने भात चुलीवरून उतरवला, झाकला. अकरा झाले. चावीवाला दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला.

"फोन करा," काकू म्हणाली.

थोरल्याने फोन उचलला तेव्हा मागे इंजिन घरघरत होतं. "बाबा, गाडीवर आहे. शेवटच्या थांब्यावरून करतो." आणि बंद. बारा मिनिटांनी त्याचाच आला. "हां बाबा. काय झालं?"

"कुठे आहात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? ड्युटीवर. आज डबल आहे माझी."

"आणि सण?"

"उद्या ना. आम्ही दहाला पोचतोय नेहमीसारखं. बाबा, आज कसं येणार? आठ वर्षं झाली, सणाच्या दिवशीची गाडी माझीच असते. डेपोत ड्युटी लावताना विचारतसुद्धा नाहीत मला. बाकीचे सगळे घरी बसतात ना आज."

चावीवाल्याने फोन कानापासून बाजूला धरला. काकूने फोन हातातून घेतला, बंद केला, आणि धाकटीला स्वतः लावला.

"आई?" धाकटीचा आवाज घाबरलेला. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू कुठे?"

"वॉर्डात. आज आम्ही दोघीच. तिघी सुट्टीवर गेल्यात, माझ्या भरवशावर. दरवर्षी जातात गं, ठाऊक आहे त्यांना, आमचा सण उद्या असतो. बोल ना, काही काम होतं?"

"नाही," काकू म्हणाली. "बरं. उद्या ये."

फोन ठेवून ती सहा ताटांसमोर बसली. बाहेर गल्लीत हसण्याचे, भांड्यांचे आवाज चालले होते. चावीवाला भिंतीला टेकून उभा होता.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी सांगितलं नाही."

"तुमची नाही." काकूने एक ताट सरळ केलं. मग म्हणाली, "तुमचीही आहे. पण त्यांना असं मीच घडवलंय. पहिल्या दिवशी राबायचं, लोकांना घरी बसू द्यायचं. लहानपणापासून घडवलंय."

"झाकून ठेवू. उद्या सगळे मिळून खाऊ."

"शिळं वाढू पोरांना?" तिने चार ताटं उचलून फडताळात ठेवली. दोनांत वाढलं, आणि नवऱ्याच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत ती कधी त्याच्या बरोबरीने बसली नव्हती. सण पहिल्या दिवशी असो की दुसऱ्या, ती वाढत असायची. दोघं जेवली. चावीवाला म्हणाला, "छान झालंय." ती म्हणाली, "हं." एवढंच बोलणं.

मग उरलेलं सगळं तिने भांड्याभांड्यांनी गल्लीत वाटलं. ज्या घरांतली गोडाची वाटी तिने वर्षानुवर्षं दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवली, त्याच घरांत. कुणी विचारलं, "पोरं नाही आली?" तर म्हणायची, "कामावर आहेत." आणि पुढच्या दारात जायची.

दुसऱ्या दिवशी दहाला पोरं आली. नवे कपडे, हातात पिशव्या. थोरला उंबऱ्यातच थबकला. "आई, गल्लीत वास नाही आला."

"सण काल झाला," काकू म्हणाली. ती मळकट कपड्यांत खाली बसून भाजी निवडत होती. रोजची भाजी.

सगळे उभेच. धाकटी बापाकडे बघायला लागली. बाप जमिनीकडे. शेवटी त्यानेच अडखळत सांगितलं, काय ठरलं होतं आणि काय राहिलं.

"आई, एका शब्दाने बोलली असतीस," धाकटी म्हणाली.

"काय बोलणार होते? एकतीस वर्षं सांगितलं ते विसरा म्हणून?"

सून आजवर या घरात फारसं बोलत नसे. तिच्या माहेरी सण पहिल्याच दिवशी व्हायचा, आणि लग्नानंतर पहिली दोन वर्षं तिला त्या दिवशी रोजचं जेवण घशाखाली उतरत नसे. ती म्हणाली, "आई, तुम्हालाही पहिल्या दिवशीच हवा असायचा? मग मला तरी सांगायचंत. मला वाटायचं मीच एकटी वेडी."

काकूने भाजी बाजूला ठेवली. "तुमच्यासारखीच आले मी या घरात," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी केलं होतं सगळं. हे पहाटे गेले. वरच्या वस्तीत पाइप फुटला. दिवेलागणीला आले ते कमरेपर्यंत चिखल. जेवायला बसवलं तर घास हातात आणि डोळे मिटलेले. तसेच झोपले, हात ताटात. सगळं अन्न गेलं. दुसऱ्या दिवशी हे घरी. मी पुन्हा चूल पेटवली. शेजारीण म्हणाली, हे काय गं? मी म्हटलं, आमच्याकडे आजच असतो. बोलून गेले. मग निभावावं लागलं."

"म्हणजे खोटंच होतं सगळं," थोरला म्हणाला. तिशीला आलेला माणूस, पण चेहरा सात वर्षांच्या पोराचा झाला होता. "मी भांडलोय त्याच्यावरून शाळेत. अंगठा मोडून घेतलाय."

"खोटं कसं? जेवलात ना पोटभर? बाप समोर बसला होता ना तुमच्या? तो मिळावा म्हणूनच केला मी दुसरा दिवस."

थोरला बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्याची मुलगी जाऊन त्याच्या शेजारी बसली. आत धाकटीने बाह्या वर केल्या आणि चूल पेटवली. सुनेने डबे उघडून काय आहे काय नाही ते बघितलं. काकू उठायला लागली तर धाकटी वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "बस खाली." आणि काकू, जिने या घरात कुणाचं ऐकलं नव्हतं, ती बसली.

दोघींनी केलेलं जेवण तीनला तयार झालं. गोड जरा करपलं होतं. तळण वातड. चावीवाला चावता चावता म्हणाला, "दात येतील परत." कुणी हसलं, कुणी नाही.

जेवणं होत आली तसा थोरला म्हणाला, "पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी रजा टाकतो. काय व्हायचं ते होऊ दे."

"मीही मागते," धाकटी म्हणाली, पण जरा सावकाश म्हणाली.

काकूने विचारलं, "तू नाही गेलास तर गाडी कोण नेईल?"

"नेईल दुसरा कुणीतरी."

"आणि त्याच्या घरी?"

थोरला ताटात बोट फिरवत राहिला.

"त्याची आई ताटं मांडून बसेल," काकू म्हणाली. "काल मी बसले होते. नको. तुमच्या भरवशावर लोक घरी आहेत, ते राहू देत."

विषय तिथे संपला असं सगळ्यांना वाटलं. काकूच्या डोक्यात तो संपला नव्हता. वर्षभर ती काहीतरी जुळवत होती. थोरल्याला सहज म्हणून विचारायची, तुझी गाडी दवाखान्यावरून कितीला जाते रे? धाकटीला विचारायची, तुला दुपारी किती वेळ सुटता येतं? पुढचा सण आला त्याच्या आदल्या दिवशी तिने दोघांना फोन करून सांगितलं. यावेळी नवऱ्यावर सोडलं नाही. थोरल्याची गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याच्या फाटकाशी थांबते. दोन मिनिटं. धाकटीने खाली यायचं. दोन मिनिटं तर दोन मिनिटं, चौघं एका जागी, त्या दिवशी. सून आणि नात सुनेच्या माहेरी जाणार होत्या. सुनेला तिचा पहिला दिवस काकूने स्वतःच देऊन टाकला होता.

सणाच्या दिवशी काकू आणि चावीवाला ठेवणीतले कपडे घालून, डबा घेऊन, साडेअकराला थांब्यावर उभी होती. गाडी आली. जवळजवळ रिकामी. थोरल्याने आरशातून बघितलं.

"या. बसा पुढे."

कंडक्टर म्हणाला, "काकू, तुमचं तिकीट नको."

"का? मी पाहुणी आहे का? दोन दे." ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी समोर होती. तिच्याकडे बघत बघत ती सगळा रस्ता बोलत राहिली. चौकातल्या एका झाकणाशी चावीवाला मान वळवून म्हणाला, "गळतोय हा." तिने त्याला कोपराने ढोसलं.

बारा वाजून नऊ मिनिटांनी गाडी फाटकाशी लागली. काकूने डब्याचं झाकण उघडून तयार ठेवलं. फाटकात पहारेकरी होता, एक बाई पाण्याची बाटली भरत होती, धाकटी नव्हती.

एक मिनिट गेलं. थोरल्याने फोन लावला, वाजला, उचलला गेला नाही. दोन मिनिटं झाली. मागच्या सीटवरचा एक माणूस घड्याळ बघून खाकरला. कंडक्टरने दोरीला हात लावला, पण ओढली नाही. थोरल्याने हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं.

"थांबतो मी," तो म्हणाला. "पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळत नाही."

काकूने मागे वळून बघितलं. गाडीत सहा-सात माणसं. एका म्हाताऱ्याच्या मांडीवर कापडात बांधलेलं भांडं होतं, तो ते दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्याला कुठेतरी पोचायचं होतं.

"सोड गाडी," ती म्हणाली.

"आई..."

"सोड. त्यांच्याकडे वाट बघत असतील."

तिने डब्यातला एक घास हाताने त्याच्या तोंडात घातला. मग दोघं उतरली. गाडी सुरू झाली, वळणावर दिसेनाशी झाली. चावीवाल्याने फाटकाजवळच्या कट्ट्यावरची धूळ हाताने झाडली आणि दोघं त्यावर बसली.

धाकटी सहा मिनिटांनी धावत आली. बाहीवर औषधाचा डाग, केस सुटलेले. "एकजण अचानक... सोडताच येईना गं." तिने रस्त्याकडे बघितलं. "दादा गेला?"

"गेला. त्याची वेळ झाली होती."

"थांबला नाही?"

"थांबत होता. मीच घालवला."

धाकटीने तोंड फिरवलं. काकूने तिला बसवलं नाही, जवळ ओढलं नाही. नुसता डबा पुढे केला. धाकटी उभ्या उभ्या खायला लागली, भराभर, वॉर्डात खायची सवय असते तसं. बाप तिच्याकडे बघत होता. आई रस्त्याकडे.

"बारा दहाची नको," थोड्या वेळाने काकू म्हणाली. "पुढच्या वर्षी दीडची धरू. दीडला तुझी गडबड कमी असते ना?"

"असते कधी कधी," धाकटी म्हणाली. "सांगता येत नाही."

"बघू," काकू म्हणाली, आणि डब्यातलं उरलेलं तिच्या हातावर वाढलं.